यू म्हणजे तू की तुम्ही

फोटोबाईंना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं चूक ठरेल. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात वीसेक वर्षं काढलेल्या बाईला इंग्रजी वाचता येतंच. मशीनसोबत आलेली जाडजूड पुस्तकं त्यांनी वाचलेली होती, डॉक्टरांनी चिठ्ठीवर खरडलेली हाडांची नावं त्यांना तोंडपाठ होती, आणि समोरचा काय म्हणतोय तेही बहुतेक वेळा कळायचं. घोडं अडायचं ते बोलताना. डोक्यात नीट जुळवलेलं वाक्य दातांपाशी येऊन थबकायचं आणि अखेर बाहेर पडायचं तेव्हा त्याचे हात एकीकडे, पाय भलतीकडे.

पेशंट एक्स-रेला फोटो म्हणत, म्हणून त्या फोटोबाई. हे नाव त्यांना आवडायचं. वीस वर्षं ते पुरलंही. मग हॉस्पिटल एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं, सगळ्या खोल्यांना नवा रंग लागला आणि दूरवरून एक नवे मुख्य डॉक्टर आले. त्यांच्याशी बोलायचं तर इंग्रजीतच. दुसरा रस्ता नव्हता.

पहिल्याच बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, की तुमच्या विभागात एकाच पेशंटचा एक्स-रे परत परत किती वेळा काढावा लागतो? फोटोबाईंना अभिमानाने सांगायचं होतं की माझा पहिलाच फोटो स्वच्छ येतो, दुसऱ्यांदा काढायची वेळ येत नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, आय शूट एव्हरी पेशंट ओन्ली वन्स.”

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता हसू खोलीभर पसरलं. मुख्य डॉक्टरही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि फोटोबाईंना तेच जास्त लागलं. नंतर कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये लोक त्यांना विचारत होते, बाई, आज किती जणांना गोळ्या घातल्या?

त्यातच विभागाच्या प्रमुखबाई निवृत्त व्हायला आल्या. त्यांची जागा फोटोबाईंना मिळावी हे उघड होतं, पण नव्या मालकांनी मुलाखत ठेवली, आणि तीही इंग्रजीत.

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. स्वभाव गरीब, भांडणाचा वास आला की त्यांना गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं आठवायचं. त्यांनी चहाच्या कपात बघत सुचवलं, “ताईला विचारू का?”

“त्यापेक्षा मी मशीनमध्ये डोकं घालते,” फोटोबाई म्हणाल्या.

ताई म्हणजे फोटोबाईंची थोरली नणंद. हयातभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी. नवऱ्याशी तिची फारकत झाली होती. ती कधी आणि कशी झाली हे तिने कुणाला सांगितलं नाही. एकदा सामान घेऊन ती जवळ राहायला आली, तेव्हाच घरच्यांना कळलं. विचारायची कुणाची छाती नव्हती.

नणंद-भावजयीत उघड भांडण असं कधीच झालं नव्हतं. सगळं टोमण्यांवर चालायचं. ताई आली की दारातच म्हणायची, “वा, आज घर आवरलेलं दिसतंय.” त्यावर फोटोबाई म्हणायच्या, “तुमचे पाय लागणार म्हटल्यावर घरानेच आवरून घेतलं.” मग दोघी हसायच्या, चहा व्हायचा, आणि ताई गेल्यावर फोटोबाई कपबशा जरा जास्तच जोरात विसळायच्या.

पण दुसरा इलाज नव्हता. बाहेरचे क्लास हॉस्पिटलच्या वेळांशी जुळेनात. अडला हरी म्हणतात तशी गत. नवऱ्याने निरोप पोचवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई हजर झाली, जणू वर्षानुवर्षं ती याच निरोपाची वाट बघत होती.

नियम तिनेच घातले. जेवणाच्या टेबलाशी बसायचं. बसलं की मराठीचा एक शब्द नाही. पाणी हवं असलं तरी इंग्रजीत मागायचं. वाक्य चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, पुढे जायचं नाही.

या शेवटच्या नियमाने फोटोबाईंचा जीव मेटाकुटीला आणला. त्या म्हणायच्या, “माय सिस्टर डोन्ट...” की ताईचं पेन टेबलावर टक्क वाजायचं. “डझन्ट.” पुन्हा पहिल्यापासून. “माय सिस्टर डझन्ट लाइक्स...” टक्क. “लाइक. एस एकदाच लागतो, आणि तो डझन्टने घेतला.” मूळ वाक्य होतं की माझ्या बहिणीला वांगी आवडत नाहीत. बहिणीला वांगी आवडत नाहीत हे सांगता सांगता दिवेलागण व्हायची.

अ, ॲन आणि द या तिघांनी तर छळ मांडला होता. फोटोबाईंचं म्हणणं असं, की मराठीत माणसं एवढी वर्षं ‘द’वाचून सुखाने जगली, कुणाचं काही अडलं नाही. ताई म्हणायची, “नियम आहे.” दुसऱ्या दिवशी फोटोबाईंनी प्रत्येक शब्दाआधी द लावायला सुरुवात केली, अगदी द यजमान, द गच्ची इथपर्यंत. मग ताई कपाळाला हात लावायची आणि सांगायची, की मीठ आहे म्हणून सगळ्याच पातेल्यांत घालायचं नसतं.

आणि ‘यू’. हे तर फोटोबाईंच्या तोंडातून निघेचना. लग्न होऊन आल्यापासून त्या ताईला तुम्ही म्हणत आल्या होत्या. ‘यू’ म्हटलं की त्यांना थोरल्या नणंदेला एकेरीत हाक मारल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला त्या “ताई वॉन्ट टी?” असं काहीतरी करून वेळ मारून न्यायच्या. ताई म्हणाली, “यू म्हण. यू म्हणजे तूही आणि तुम्हीही. इंग्रजीत सगळ्यांना एकच.”

“म्हणजे मुख्य डॉक्टरांनाही यू आणि दारावरच्या वॉचमनलाही यू?”

“इन इंग्लिश, प्लीज,” ताई म्हणाली.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही ध्यानात यायला वेळ लागला. टेबलाशी टोमणे चालेनात. एकदा ताई ठरल्या वेळेच्या आधीच येऊन थडकली. फोटोबाईंच्या हातात अजून ओल्या कपड्यांची बादली. त्यांना म्हणायचं होतं, आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा. त्यांनी बादली ठेवली, विचार केला आणि म्हणाल्या, “टुडे द सन केम फ्रॉम व्हेअर?”

टक्क. “व्हेअर डिड द सन राइज टुडे.”

फोटोबाईंनी ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यातला सगळा डंख निघून गेला होता. भूगोलाच्या परीक्षेतला प्रश्न तेवढा उरला. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला ऐकवलं, की तुझ्या बहिणीशी धड बोलताही येत नाही आणि ती मला धड बोलूही देत नाही. ताई तिकडे भावाला फोनवर सांगत होती, की तुझ्या बायकोला मी शिकवतेय की ती मला छळतेय तेच कळत नाही. भाऊ दोन्हीकडे हं हं करत गच्चीत गेला. त्या महिन्यात कुंड्यांना इतकं पाणी मिळालं की दोन रोपं कुजली.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी फोटोबाई घरी आल्या त्याच तणतणत. मशीन दिवसभर रुसलेलं, बाहेर पेशंटची रांग, आणि एका नातेवाइकाने तर वर तोंड करून सुनावलं होतं की तुम्हाला काम जमत नसेल तर दुसऱ्याला बसवा. चहासुद्धा झाला नव्हता. ताई टेबलाशी पेन घेऊन तयार. आजचा धडा भूतकाळ. घरात घडलेली एखादी गोष्ट साध्या वाक्यांत सांग, म्हणाली, आणि त्यात दोन नकाराची वाक्यं आली पाहिजेत.

फोटोबाईंना काही सुचेना. डोकं दुखत होतं. काय काय घडलं घरात म्हणून आठवू गेल्या, आणि जे सगळ्यात आधी वर आलं ते त्यांनी सांगून टाकलं.

“माय मदर डाइड.”

“गुड,” ताई म्हणाली. व्याकरणाबद्दल.

“एव्हरीबडी केम. माय अंकल केम. माय नेबर्स केम.” फोटोबाईंनी श्वास घेतला. “यू डिड नॉट केम.”

टक्क. “डिड नॉट कम. डिडमध्ये भूतकाळ आला, पुढे परत लावायचा नाही.”

“यू डिड नॉट कम,” फोटोबाई म्हणाल्या.

“करेक्ट. नेक्स्ट.”

फोटोबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तेव्हा कुठे ताईला आपण काय दुरुस्त केलं ते ऐकू आलं. तिने पेन टेबलावर आडवं ठेवलं.

ही सल दहाएक वर्षांची होती. फोटोबाईंची आई गेली तेव्हा नवऱ्याकडची सगळी माणसं आली, धाकट्या दिरापासून लांबच्या आत्येसासूपर्यंत. ताई तेवढी आली नाही. दोन दिवसांनी फोन आला, सर्दी झाली होती म्हणून. सर्दी. फोटोबाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मराठीत काढायचा तर कसा काढणार? थोरल्या नणंदेला असं तोंडावर विचारत नाहीत. विचारायचंच तर आडून विचारायचं, लेकी बोले सुने लागे. तसं त्या गेली दहा वर्षं विचारतच होत्या, घर आवरण्यावरून, चहावरून, उशिरा येण्यावरून. पण ते नक्की कशाबद्दल आहे हे ताईला कधी कळलंच नव्हतं. इंग्रजीत आडून बोलण्याइतके शब्द फोटोबाईंपाशी नव्हते. होते ते चार, आणि चारही सरळ.

“व्हाय?” त्या म्हणाल्या.

ताई बोलली तीही इंग्रजीतच, आणि वर्गात शिकवते तसलं लांबलचक इंग्रजी नव्हतं ते. “ही लेफ्ट. दॅट मॉर्निंग.”

“हू?”

“माय हजबंड.”

आतल्या खोलीत यजमानांच्या वर्तमानपत्राचा आवाज थांबला. ताई उठली, पर्स घेतली आणि चपला घालून गेली. धडा अर्धाच राहिला.

त्या रात्री जेवताना नवरा-बायको हिशेब लावत बसले. नवरा गेल्याचं ताईने घरात सांगितलं ते फोटोबाईंची आई गेल्यावर जवळजवळ वर्षभराने, आणि तेही सामान हलवलं तेव्हा. त्या एका वर्षात सणावारी, लग्नकार्यात ती एकटी यायची आणि हे कामात आहेत म्हणायची. भावाला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं, की सख्ख्या भावाला तिने सांगितलं नाही. फोटोबाईंना वाईट वाटायच्या ऐवजी राग आला. मग राग आल्याचा राग आला. एवढी वर्षं जपून ठेवलेला राग आता कुठे ठेवायचा हेच कळेना. त्याला धरून राहायचं कारण गेलं होतं, आणि तो मात्र जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी ताई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलाखत तोंडावर. फोटोबाई आरशासमोर उभ्या राहून स्वतःशीच इंग्रजी बोलू लागल्या, पण चुकलं की कोण सांगणार? पेनाचा टक्क आवाज नाही म्हणून त्यांना चैन पडेना, आणि चैन पडत नाही याचा आणखी वैताग. शेवटी त्या तावातावाने निघाल्या आणि ताईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आजवर त्या घरी त्या नवऱ्यासोबतच गेल्या होत्या; एकट्या कधी नाही.

ताईने दार उघडलं. डोळे सुजलेले नव्हते, केस विंचरलेले होते. घर मात्र आवरलेलं नव्हतं. फोटोबाईंच्या जिभेवर वाक्य आयतं आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“अर्धवट शिकवून सोडून दिलंत,” त्या म्हणाल्या. “मला भविष्यकाळ कोण शिकवणार?”

ताई बाजूला झाली. दोघी आत बसल्या. ताईने सांगायला सुरुवात केली, अडखळत, मराठीत. त्या सकाळी तो बॅग भरून गेला आणि तासाभराने भावाचा फोन आला, की हिची आई गेली. ती तयार झाली. रिक्षाही केली. वाटेत तिला दिसायला लागलं, की अंगणात माणसं जमली असतील, आणि प्रत्येक जण आधी विचारेल, एकट्याच आलात, हे कुठे आहेत? तिला ते सांगता आलं नसतं आणि खोटंही बोलवलं नसतं, मयताच्या घरी तर नाहीच. तिने रिक्षा परत वळवली.

“मला सांगायचं होतं ना,” फोटोबाई म्हणाल्या.

“तुला? तुझी आई समोर होती.”

“नंतर. दहा वर्षं होती मध्ये.”

“नंतर तू माझ्याशी कधी सरळ बोललीस?” ताई म्हणाली. “मला वाटायचं, तुझा स्वभावच तसा आहे. तिरका.”

फोटोबाईंना हे इतकं लागलं की त्या उठल्याच. मग परत बसल्या. त्यांना सांगायचं होतं की तिरकं बोलायची सुरुवात तुम्ही केलीत, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, माझ्या पोळ्यांवरून. पण खरंच कुणी केली होती ते त्यांना नक्की आठवेना. त्या म्हणाल्या, “तुम्ही खोटी सर्दी सांगितलीत त्याचा मला अजून राग आहे.”

“असू दे,” ताई म्हणाली. “मलाही माझा आहे.”

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. ताईने चहा टाकला. तो उकळेपर्यंत फोटोबाईंनी भविष्यकाळाची वाक्यं म्हटली आणि ताईने ओट्यापाशी उभं राहून एकूण एक दुरुस्त केली. पेन हाताशी नव्हतं म्हणून चमचा वाजवला.

मुलाखतीला तीन माणसं होती. मुख्य डॉक्टर, कंपनीकडून आलेल्या एक बाई, आणि हॉस्पिटलचेच एक जुने अधिकारी. अधिकाऱ्यांना फोटोबाईंबद्दल आपुलकी होती आणि तीच नडत होती. फोटोबाई वाक्य सुरू करत आणि ते अडखळलं की अधिकारी ते पुरं करून टाकत. विचारलं होतं, की एकाच वेळी दोन गंभीर पेशंट आले तर तुम्ही काय कराल? फोटोबाई म्हणाल्या, “फर्स्ट, आय विल आस्क...” आणि अधिकारी म्हणाले, “शी मीन्स, शी विल कॉल द डॉक्टर.” तसं त्यांना म्हणायचंच नव्हतं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा फोटोबाईंच्या कानशिलात काहीतरी तापलं. दोन महिने टेबलाशी साठलेला सगळा वैताग एकदम वर आला, आणि त्यांना जाणवलं की तो इंग्रजीतच येतोय.

“सर, यू प्लीज वेट,” त्या म्हणाल्या. “आय ॲम स्पीकिंग. आय ॲम स्लो, बट आय विल फिनिश.”

जुन्या अधिकाऱ्यांना यू म्हटलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. कंपनीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. फोटोबाईंनी उत्तर संपवलं. त्यात एक द जास्त होता आणि एका ठिकाणी डझन्टच्या जागी डोन्ट पडलं, ते पडताक्षणी त्यांना कळलं, पण त्या मागे वळल्या नाहीत. दोन पेशंटपैकी आधी कुणाला घ्यायचं हे कसं ठरवणार, दुसऱ्यापाशी कोण थांबेल, नातेवाइकांना काय सांगायचं, सगळं छोट्या छोट्या वाक्यांत. मुख्य डॉक्टरांनी एका ठिकाणी परत सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं.

जागा मिळाली, पण सहा महिने चाचणीवर. शिवाय अट अशी, की हॉस्पिटलने ठेवलेल्या इंग्रजीच्या वर्गाला जायचं. तो वर्ग घ्यायला एक हसतमुख तरुणी यायची. फोटोबाई काहीही बोलल्या तरी ती म्हणायची, व्हेरी गुड. एकदा फोटोबाईंनी मुद्दाम सगळंच चुकीचं सांगून पाहिलं. व्हेरी गुड. घरी येऊन त्यांनी पर्स कोचावर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, की त्या पोरीपेक्षा तुझी बहीण बरी, निदान जीव तोडून छळते तरी. टेबल पुन्हा सुरू झालं.

पावसाळा सरता सरता ताईला खोकला लागला तो जाईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलं. विभागाच्या प्रमुखांना आता रोज स्वतः फोटो काढायचं कारण नव्हतं, पण त्या दिवशी फोटोबाईंनी सहकारी मुलीला बाजूला केलं आणि ताईला स्वतः एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं. हॉस्पिटलचा ढगळ झगा घातलेली ताई एरवीपेक्षा लहान दिसत होती. हनुवटी वर, खांदे पुढे, हात कमरेवर. ताई तशाही अवस्थेत भिंतीवरची सूचना वाचत होती.

“रिमूव्ह ऑल द ज्वेलरीज,” ती म्हणाली. “अगं, ज्वेलरीचं अनेकवचन होत नाही. आणि तो द...”

“ताई, आता एक अक्षर बोलायचं नाही,” फोटोबाई म्हणाल्या. “मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा.”

ताईने श्वास घेतला आणि धरला. काचेमागे गेलेल्या फोटोबाईंना तिची पाठ दिसत होती. कडक, ताठ, आणि बरगड्यांपाशी जराशी थरथरणारी. बटण दाबलं. फोटो आला. प्रमुख असल्या तरी त्याचा अर्थ सांगायचा अधिकार त्यांना नव्हता; तो डॉक्टरांचा. पण इतकी वर्षं बघून काळं-पांढरं कळतंच. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ होती. फोटोबाई खुर्चीत जरा टेकल्या.

“सोडू का?” बाहेरून ताईचा दबका आवाज आला.

“सोडा,” फोटोबाई म्हणाल्या. मग त्या बाहेर आल्या, झग्याची मागची गाठ सोडवायला लागल्या, आणि हळू आवाजात, सहकारी मुलीला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाल्या, “यू आर ऑलराइट.”

त्यात चूक काहीच नव्हती. ताईने सवयीने दुरुस्तीसाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.